मनीषाला धरायचं नाही

मनीषाने माझ्या मनगटावर असा फटका मारला, की माझ्या बोटावरची लेन्स उडून थेट औषधांच्या कपाटाखाली गेली. बावीस वर्षं मी इंदिरानगरमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांना कॉन्टॅक्ट लेन्स घालायला शिकवते आहे. रडणारे पाहिलेत, घेरी येऊन खुर्चीतून घसरणारे पाहिलेत, लग्न आठ दिवसांवर आलंय म्हणून हातापाया पडणाऱ्या मुली पाहिल्यात. मार मात्र पहिल्यांदाच खाल्ला. मीही काही गरीब गाय नाही. "लेन्स नको तर नको, पण अंगावर हात टाकायचा नाही!" असं मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की आतल्या खोलीतून डॉक्टर बाहेर आले.

तोवर मनीषा पदर खोचून जिना उतरून गेली होती. तिची जाऊ पूजा माझ्याकडे एकदा आणि जिन्याकडे एकदा बघत तिच्यामागे पळाली. मी गुडघ्यांवर बसून कपाटाखाली लेन्स शोधत होते आणि माझं तोंड चालूच होतं. डॉक्टरांना मी तिथूनच सांगितलं, "या बाईच्या केसपेपरवर लिहून टाका, लेन्स जमणार नाही."

आता ती कोण, ते सांगते. मनीषा नाशिकजवळच्या मातोरीची. वय चाळिशीला टेकलेलं. नवरा मनमाडला रेल्वेत, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घरचं रान ती बघते. झेंडू, शेवंती, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. आणि हा सगळा माल ती स्वतःच्या पिकअपमध्ये घालून, स्वतः चालवत नाशिकच्या बाजारात आणते. बाजारातल्या अरुंद बोळात कुणी एकदा तिला म्हणाला होता, "ओ ताई, जमत नसंल तर एखादा माणूस बोलवा गाडी काढायला." तिने गाडी काढलीच नाही. इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि म्हणाली, "आता तू तुझी मागं घे. बघू तुला जमतं का." त्याला जमलं नाही. मागे सगळा बाजार तुंबला आणि ही हाताची घडी घालून उभी. हे मला पूजाने सांगितलं, सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

अशा बाईच्या डाव्या डोळ्याच्या बुबुळावर लहानपणापासून एक डाग होता. खेड्यात त्याला फूल पडलं म्हणतात. बुबुळाचा पृष्ठभागच त्या जागी ओबडधोबड झालेला, त्यामुळे चष्म्याचा काही उपयोग नाही. ती उजव्या डोळ्यावरच आयुष्य काढत होती. पण चाळिसाव्या वर्षी लायसन्स संपतं, आणि नवं करायला डॉक्टरचा दाखला लागतो. तिचं लायसन्स दसऱ्याच्या बारा दिवस आधी संपत होतं. झेंडू लावणाऱ्याला दसरा म्हणजे काय ते नाशिककराला सांगायला नको. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, डाव्या डोळ्याने जे दिसतं त्यावर मी सही करणार नाही. उपाय एकच, कडक लेन्स. ती बुबुळावर बसते, मध्ये अश्रूंचा थर भरतो आणि डोळ्याला पुन्हा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

डॉक्टरांनी बधिर करणारे थेंब टाकून एकदा तिला लेन्स लावून दाखवली होती. दात आवळून, खुर्चीचे दांडे पकडून ती बसली होती. लेन्स बसली आणि डाव्या डोळ्याने तिने तक्त्यावरच्या खालून तिसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. मग खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेत." लेन्स काढल्याबरोबर ती बेसिनकडे धावली आणि ओकली. तेव्हा मी समजले, नाजूक असेल. काय अक्कल माझी!

त्यानंतर ती शिकायला माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी माझं बोट वीतभर लांब असतानाच तिचा डोळा गच्च मिटला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाहेर सात पेशंट बसले होते, माझं डोकं दुखत होतं आणि मी म्हणाले, "पूजा, जरा यांचे हात धरा हो." मी एका हाताने मनीषाचं कपाळ खुर्चीच्या पाठीला दाबलं आणि म्हणाले, "काही होत नाही."

त्यावर तो फटका.

लेन्स मला सापडली, चांगली होती. मी उठून उभी राहते, तर मनीषा दारात. काउंटरवर विसरलेला मोबाइल न्यायला आली होती. मोबाइल घेतला, पण गेली नाही. माझ्या मनगटाकडे बघत होती. तिथे चार बोटं उठली होती.

"लागलं का तुमाला?" तिने विचारलं. आवाज माफीचा नव्हता, भांडायचाच होता.

"मग काय, गुदगुल्या झाल्या?" मी म्हणाले.

"लागलं ते चुकलं माझं. पण ताई, मला परत धरायचं नाय. लेन्सला मी भीत नाय. धरायला भीते." आणि मग दारातच उभं राहून, आत न येता, तिने सांगितलं.

ती आठ वर्षांची होती. खळ्यावर बाजरीचं काम चाललं होतं आणि तिच्या डोळ्यात कुसळ गेलं. शेजारच्या वस्तीवर अंबूबाई म्हणून एक बाई होती, ती डोळ्यातला कचरा जिभेने काढायची. हो, जिभेने. मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, पापणी वर करायची आणि जिभेचं टोक फिरवून खडा, कुसळ, लोखंडाचा कण, काय असेल ते काढून तळहातावर ठेवून दाखवायची. पंचक्रोशीतून लोक यायचे. शहरातल्या माणसाला हे ऐकून शिसारी येते, मलाही आली. बाजरीच्या कुसळाने झालेली जखम आणि त्यावर माणसाचं तोंड, म्हणजे जंतूंना आवतण.

"पण अंबूबाईनं विचारलं होतं मला," मनीषा म्हणाली. "खाली वाकून म्हणाली, काढू का गं? मी म्हणलं, थांब. तर ती थांबली व्हती. बापाला दम निघंना. त्यानं माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलं. चुलत्यानं पाय धरले. बाप म्हणाला, काढ तू, काय होत नाय."

कुसळ निघालं. विषय तिथेच संपला असता. पण डोळा लाल राहिला आणि मग घरोघरचे वैद्य जागे झाले. कुणी सांगितलं कांद्याचा रस, कुणी सांगितलं मध. तीन दिवस, रोज संध्याकाळी, रंगनाथने म्हणजे तिच्या बापाने पोरीचं डोकं गुडघ्यांत धरलं आणि त्या सुजलेल्या डोळ्यात हे सगळं ओतलं. ती किंचाळायची आणि तो म्हणायचा, काय होत नाय. चौथ्या दिवशी पू आला तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डोळा वाचला, नजर गेली.

"अंबूबाईचा मला राग नाय," ती म्हणाली. "तिची जीभ मला आठवत बी नाय. बापाचे गुडघे आठवतात. हितं, कानाला." तिने दोन्ही कानांवर तळवे ठेवून दाखवलं. "आन् तुम्ही बी तेच बोलल्या."

ती गेल्यावर मला जो राग आला, तो मी आजवर कुणावर काढलेला नाही, कारण तो माझाच होता. काही होत नाही! इंजेक्शन देणारा म्हणतो, दाढ काढणारा म्हणतो, पोरीचे कान टोचणारा सोनार म्हणतो. ज्याला काही होत नसतं तोच हे म्हणतो. बावीस वर्षं मी हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणत आले, आणि ते साफ खोटं आहे. होतं. कडक लेन्स टोचते, डोळा भळाभळा वाहतो, पंधरा दिवस पापणीखाली कचरा गेल्यासारखं वाटत राहतं. मला हे माहीत होतं. मी खोटं बोलत होते, कारण बाहेर सात पेशंट होते.

मी तिला संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "मोहिनी बोलतेय, दवाखान्यातून. तुमच्या डोळ्याला इथून पुढे मी हात लावणार नाही. तुमचं बोट, तुमचा डोळा. मी फक्त सांगेन. आणि टोचेल, हे आत्ताच सांगून ठेवते."

 तिने विचारलं, "किती टोचंल?"

"पहिले आठ दिवस शिव्या द्याल इतकं."

"त्या मला येत्यात," ती म्हणाली.

तिच्या हाताला काम दिलं. रोज सकाळी साबणाने हात स्वच्छ धुवायचे, नखं कापलेली पाहिजेत, आणि आरशासमोर बसून फक्त पापणीच्या केसांना बोट लावायचं. ते जमलं की खालची पापणी ओढायची. मग मी दिलेल्या बाटलीतलं खारं पाणी एक थेंब, स्वतःच्या हाताने. मग ओलं बोट डोळ्याच्या पांढऱ्या भागाला, जेमतेम टेकेल असं. तिचे फोन यायचे ते शेतातूनच. "आज पापणीला लावलं. लय राग आला."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"मग उद्या दोनदा लावा."

माझ्याकडे लोक येतात त्यांना मी सांगते, श्वास घ्या, शांत व्हा. मनीषाला शांत व्हायला सांगणं म्हणजे झेंडूला गुलाब हो म्हणण्यासारखं होतं. तिचं शांतपणावर काही अडलेलं नव्हतं. ती चिडायची आणि चिडली की तिचा हात स्थिर व्हायचा, हे मी स्वतः पाहिलं. सोळाव्या दिवशी तिने माझ्यासमोर बसून डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बोट टेकवलं. बोट काढलं, माझ्याकडे बघितलं आणि "मेल्यांनो," म्हणाली. मी मागे वळून पाहिलं, खोलीत कुणी नव्हतं.

पण बोट वेगळं आणि लेन्स वेगळी. बोटावर लेन्स आली की तिचा डोळा पुन्हा मिटायचा. आमचा नियम असा, की पेशंटने आमच्यासमोर स्वतः लेन्स घालून आणि काढून दाखवल्याशिवाय ती घरी द्यायची नाही. तिची लेन्स बनून आली होती, डबीत पडून होती, आणि लायसन्सला सहा दिवस उरले होते.

आता महेश. महेश म्हणजे तिचा धाकटा दीर, पूजाचा नवरा. बोलायला गोड, कामाला चुकार. त्याचा डोळा त्या पिकअपवर पहिल्यापासून. वहिनीचं लायसन्स गेलं की गाडी आपोआप त्याच्या हाती आणि बाजारातली बसायची जागाही. तो तिला रोज सांगायचा, "वहिनी, कशाला जिवाला त्रास? मी हाय ना." आणि मग एक दिवस तो एजंटकडून छापील फॉर्म घेऊन आला. डोळे न तपासता डॉक्टरची सही मिळवून देणारा कुणीतरी त्याने गाठला होता. "लायसन्स तुमच्या नावावर राहू द्या. गाडी मी चालवीन. कोण बघतंय? काय होत नाय."

मनीषाने तो कागद चार तुकडे करून चुलीत घातला. का, ते तिने फक्त मला सांगितलं. आषाढात तिच्या गाडीचा डावा आरसा एका म्हाताऱ्या दूधवाल्याच्या सायकलला लागला होता. सायकल आडवी, दूध रस्त्यावर आणि त्या माणसाचा हात कोपरात मोडला. ती महिनाभर त्याच्या घरी डबा पोचवत होती. लोक म्हणाले, सायकलच मध्ये आली. म्हाताराही म्हणाला, माझंच चुकलं. "पण ताई, तो मला दिसलाच नव्हता," ती म्हणाली. "डावीकडं मला माणूसच नव्हता. सही आणून माणूस दिसंल का?" म्हणजे तिला लायसन्स हवं होतं, पण डोळ्यासकट. तिचा महेशवरचा राग मला फोनमधून ऐकू येत होता आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

लायसन्सला दोन दिवस उरले, तेव्हा ती दुपारी आली. गाडी महेशने चालवत आणली होती, तिला बाजूला बसवून. मागे शेवंतीचे क्रेट. ती वर आली ती धुमसतच. "किल्ली मागितली तर म्हणतो, आता सवय करा बाजूला बसायची." माझ्या टेबलाशी बसली, हात धुतले, लेन्स बोटावर घेतली आणि डोळा मिटला. दुसऱ्यांदा मिटला. तिसऱ्यांदा मिटला. पूजा मागे उभी होती, भिंतीला टेकून, तिला हात लावणं दूरच. तरी मनीषा म्हणाली, "माझ्या मागं कुणी उभं ऱ्हायलं की मला गुडघे लागतात कानाला." मी पूजाला बाहेर पाठवलं. "तुम्ही बी," ती म्हणाली. मी म्हटलं, मला बघावं लागेल, तो नियम आहे. तिने खोलीकडे एकदा सगळीकडे बघितलं. दोन दारं, एक खिडकी, बाहेर माणसं. मग उठली आणि म्हणाली, "डबी द्या. खाली गाडीत बसते. तुम्ही काचंतून बघा."

बावीस वर्षांत कुणी असं मागितलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणतील, गाडीत धूळ किती, याचा मी विचार केला आणि मग म्हटलं, चुलीत गेलं. स्वच्छ टॉवेल, पाण्याची बाटली, साबण, छोटा आरसा, लेन्सचं औषध असं सगळं ट्रेमध्ये घातलं आणि खाली उतरले.

तिने महेशला गाडीतून उतरवलं, किल्ली घेतली. बाटलीच्या पाण्याने हात पुन्हा धुतले, टॉवेलला पुसले, ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दोन्ही दारं आतून लॉक. काचा वर. मी बोनेटच्या पुढे, तिला दिसेल अशी उभी राहिले आणि दोन्ही हात समोर धरून ठेवले, रिकामे. भर रस्त्यात लोकांना वाटलं असेल, बाईला कुणी लुटतंय.

तिने मांडीवर टॉवेल अंथरला, त्यावर आरसा आडवा ठेवला. डोकं खाली. डाव्या हाताने वरची पापणी वर, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालची खाली. पहिल्या बोटावर लेन्स. बोट जवळ गेलं आणि थांबलं.

तेवढ्यात महेशने काचेवर टकटक केली. "वहिनी, आटपा की! फुलं सुकायला लागली. मोहिनीताई, तुम्हीच घालून द्या ना पटकन, मी धरतो पायजे तर."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. समोरचा इस्त्रीवाला बाहेर येऊन उभा राहिला एवढं सांगते. शेवटी म्हणाले, "काचेवरचा हात काढ. आत्ता काढ. या बाईला कुणी धरायचं नाही."

महेश दोन पावलं मागे सरला. मी वळून पाहिलं तर काचेमागे मनीषाचे ओठ हलत होते. कुणाला काय म्हणत होती, ऐकू आलं नाही. मग तिचा खांदा जरा खाली आला आणि बोट डोळ्याला टेकलं. बोट मागे आलं ते रिकामं. डोळ्यातून पाण्याची धार लागली, तिने मान वर केली नाही, पापणी सोडली नाही, तशीच बसली. मग दोनतीनदा सावकाश पापण्या लववल्या. मग समोर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या-उजव्या बाजूला, इस्त्रीवाल्याकडे, विजेच्या तारांकडे, गाडीच्या डाव्या आरशाकडे. त्या आरशात ती बराच वेळ बघत होती.

तिने काच इंचभर खाली केली. "टोचतंय," ती म्हणाली.

"टोचणारच," मी म्हणाले. "काढून दाखवा आता."

तिने काढली आणि पुन्हा घातली. मग महेशला म्हणाली, "तू रिक्षानं ये."

दाखला डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दिला. दसऱ्याला तिने झेंडू स्वतः आणला आणि दवाखान्याच्या दाराला पुरेल एवढा दाराशी टाकून गेली. आत आली नाही, घाईत होती.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मार्गशीर्षात ती परत आली, आणि या वेळी तिच्याबरोबर रंगनाथ होता. बहात्तर वर्षांचा, वाळलेला, धोतर-टोपीतला म्हातारा. डॉक्टरांनी आदल्या दिवशी त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पट्टी सोडायची, थेंब टाकायचे आणि ते घरी कसे टाकायचे हे दाखवायचं, हे काम माझं. हा तो माणूस, हे मला माहीत होतं. मी त्याच्याशी नीट बोलले नाही, हे कबूल करते.

पट्टी सोडली. थेंबाची बाटली जवळ नेली तसा त्याचा डोळा मिटला आणि मान मागे गेली. पुन्हा नेली, पुन्हा तेच.  ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर असा ताण चांगला नाही. माझा हात आपोआप त्याच्या कपाळाकडे निघाला होता. मी तो मध्येच मागे घेतला.

म्हाताऱ्याने चाचपडत मनीषाचा हात शोधला. "मने," तो म्हणाला, "मला धर गं. डोकं धर माझं. माझ्यानं नाय ऱ्हावत."

मनीषा त्याच्यासमोर उभी होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात माया शोधू नका. बत्तीस वर्षं कानांवर वागवलेले ते गुडघे होते त्यात.

"धरणार नाय," ती म्हणाली.

"काय होत नाय, तू धर..."

"होतं!" ती एवढ्या जोरात ओरडली, की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "होतं, आबा! मला झालं होतं! रोज होत होतं, तीन दिवस!"

 म्हाताऱ्याचा उघडा डोळा तिच्या डाव्या डोळ्यावर होता. 

मनीषाने बेसिनवर हात धुतले. पुसले. माझ्या हातातली बाटली घेतली आणि बापासमोर स्टूल ओढून बसली. तिचा आवाज अजून रागातच होता.

"वर बघा. मी हात लावणार नाय. तुम्ही म्हणाल तवाच टाकते. थांब म्हणाल तर थांबते." बाटली तिने त्याच्या डोळ्यासमोर, पण लांब धरली. "टाकू का?"

रंगनाथने वर बघितलं. "थांब," तो म्हणाला.

ती थांबली.